आईसाहेबांच्या पोराला पोरगी मिळेना

दैवशालावहिनी हिवाळेंनी चार वर्षांत एका सुनेला तीनदा धान्याच्या कोठीत कोंडलं, दोनदा तिच्या खिरीत काहीबाही कालवलं आणि एकदा तिला जिन्यावरून ढकललं. हे सगळं लोकांनी सोमवार ते शनिवार, संध्याकाळी साडेसात वाजता, घास चावत चावत टीव्हीवर पाहिलं. खऱ्या आयुष्यात ही बाई दुकानात शिरलेल्या कुत्र्यालासुद्धा "जा रे बाबा, काम चालू हाये" असं म्हणते. कुत्रं जात नाही. मग त्या पाय आखडून शिवत बसतात.

हे मी खात्रीने सांगतो, कारण अंबडच्या बस स्टँडसमोर त्यांचं 'दैवशाला लेडीज टेलर' आणि माझं इलेक्ट्रिकचं दुकान यांच्यामध्ये फक्त एक पत्रा आहे. मी भारत. जालन्याच्या आमच्या नाट्यमंडळात मी वीस वर्षं लाइट सांभाळले. मंडळाने कला वगैरे काय सांभाळली ते मला ठाऊक नाही, पण फ्यूज मी सांभाळले.

वहिनींचं माहेर भोकरदन तालुक्यातलं पिंपळगाव रेणुकाई. त्यांचे वडील तातेराव वर्षभर दुसऱ्यांच्या शेतात राबायचे आणि चौदा एप्रिलला जलशात गायचे. आवाज असा की माइक बंद पडला तरी कुणाच्या ध्यानात येत नसे. जलशात शेवटी एक छोटं नाटक असायचं आणि त्यात बाईचं काम वसंता नावाचा माणूस करायचा. त्यासाठी तो वर्षातून एकदा मिशी काढायचा आणि महिनाभर रुसून बसायचा. एका वर्षी वसंताचं लग्न जमलं. तो म्हणाला, "काय बी करा, मी मिशी देणार न्हाई."

नाटकात एक पाटलीण होती, तिची चार वाक्यं होती. तातेरावांनी अकरा वर्षांच्या दैवशालेला आईचं लुगडं गुंडाळलं आणि उभी केली.

पोरगी चार वाक्यांवर थांबली नाही. ती रोज आईबरोबर प्रभावतीकाकूंच्या शेतात खुरपायला जात असे. प्रभावतीकाकू म्हणजे गावातल्या सगळ्यात मोठ्या शेतकऱ्याच्या घरच्या बाई. त्या बांधावर उभ्या राहायच्या, पदर दोन बोटांत धरायच्या आणि आवाज अजिबात न चढवता अशा बोलायच्या की बायांचे हात आपोआप जल्दी चालायचे. दैवशालेने ते सगळं स्टेजवर काढलं. ते पदर धरणं, ते मान वळवणं, ते "असू दे, असू दे, तुला जमायचं न्हाई ते" म्हणणं. पंधरा मिनिटं लोक हसून लोळले. मागे उभे असलेले गावातले चार वरच्या आळीचे लोकही हसले आणि घरी जाऊन त्यांनी सांगितलं.

त्यानंतर आठ दिवस तातेरावांना काकूंच्या शेतात बोलावणं आलं नाही. वहिनींच्या अभिनयाचं हे पहिलं परीक्षण.

एकोणिसाव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. नवरा राजानंद, अंबड आगारात एसटीचा मेकॅनिक. तो माझा मित्र. दिवसाला मोजून वीसेक शब्द बोलणारा माणूस, त्यातले दहा पान्यांची मापं. वहिनी ब्लाउज शिवायला लागल्या. पुढे आमच्या मंडळात बायकांचा दुष्काळ पडला, म्हणजे आधीही होताच, पण त्या वर्षी राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकात तीन बायका होत्या आणि आमच्याकडे एकही नव्हती. मी राजानंदला विचारलं. तो म्हणाला, "मी बी संगं येईन." तो तालमीला येऊन बसला, आणि बसलाच आहे तर म्हणून त्याला प्रॉम्प्टर केलं. त्याने "प्राणप्रिये, मला सोडून जाऊ नकोस" हे वाक्य "जाफराबाद गाडी फलाट क्रमांक दोनवर" या चालीत पुरवलं. पण एक शब्द कधी चुकवला नाही.

आमचे दिग्दर्शक धर्मराज सर. कॉलेजात मराठी शिकवायचे. त्यांच्या नाटकात सगळे काळे कपडे घालून फिरायचे, मध्यभागी एक शिडी असायची आणि तिच्यावर कुणीही चढायचं नाही. पहिल्याच तालमीला वहिनींनी विचारलं, "सर, ह्या बाईचं नाव काय?"

"तिला नाव नाही. ती स्त्री आहे."

"मंग राशन कार्डावर काय लिव्हलं असंल?"

सर तालीम सोडून चहाला गेले. पण त्या निनावी बाईच्या कामाला अभिनयाचं प्रमाणपत्र मिळालं, आणि स्पर्धा पाहायला आलेल्या मुंबईच्या एका माणसाने वहिनींचा फोन नंबर घेतला. आम्हाला वाटलं, झालं, गेली बाई मोठ्या पडद्यावर.

गेली ती झाडू घेऊन. पहिल्या मालिकेत वहिनींना एक वाक्य होतं: "बाईसाहेब, पाव्हणे आलेत." दुसऱ्या मालिकेत पाहुणे गेले होते. अकरा वर्षांत त्यांनी एकोणीस मोलकरणी केल्या. रंग सावळा, बोली मराठवाड्याची, म्हणजे मोलकरीण. यात मुंबईच्या कुणालाही दुसरं काही सुचलं नाही. बरं, बोलीसुद्धा त्यांची चालायची नाही. लिहून आलेली भाषा थोडी कोल्हापूरची, थोडी नगरची आणि उरलेली लेखकाच्या मनाची.

"आमच्याकडं असं कुणीच बोलत न्हाई," वहिनी म्हणाल्या.

"मावशी, प्रेक्षकांना हेच गावाकडचं वाटतं," असं उत्तर आलं.

वहिनी शूटिंगला जाताना शिलाईचा डबा बरोबर न्यायच्या. सेटवर कुणाचं ना कुणाचं उसवलेलं असायचंच. म्हणजे पडद्यावर केर काढायच्या आणि पडद्यामागे हूक लावायच्या. पण सेटवर उभं राहून त्या सगळं बघायच्या. मोलकरणीला एक फायदा असतो. ती प्रत्येक प्रसंगात मागे ट्रे घेऊन उभी असते आणि तिच्यासमोर सगळे सगळं बोलतात.

'कमरेच्या किल्ल्या' या मालिकेचं शूटिंग साताऱ्याकडच्या एका गावात चालू झालं. घरंदाज पाटील घराणं, करारी सासू आईसाहेब, गरिबाघरची सून आणि मोलकरीण अर्थातच वहिनी. आईसाहेबांच्या कामासाठी मुंबईची एक नामांकित बाई आली होती. मे महिना. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या बाईंनी कूलरवरून भांडण काढलं, नथ काढून टेबलावर ठेवली आणि गाडीत बसून निघून गेल्या. दिग्दर्शक डोक्याला हात लावून बसला. पन्नास माणसं उन्हात उभी. मालिका आठ दिवसांवर आलेली.

कुणीतरी म्हणालं, निदान दुसऱ्या कुणाला कपडे घालून लाइट तरी लावून घेऊ. त्या बाईंचा ब्लाउज बसेल असं सेटवर एकच माणूस होतं. तो ब्लाउज वहिनींनीच आदल्या दिवशी उसवून पुन्हा शिवला होता आणि माप स्वतःच्या अंगाला लावून बघितलं होतं. त्यांना नटवून खुर्चीवर बसवलं. सून झालेली मुलगी समोर होती. दिग्दर्शक म्हणाला, "मावशी, वाक्यं कुणीतरी वाचेल, तुम्ही फक्त बसा."

"वाक्यं हायेत मला," वहिनी म्हणाल्या. "तीन दिवस मागं उभी व्हते."

मग त्यांनी पदर दोन बोटांत धरला. मान वळवली. आवाज अजिबात चढवला नाही. त्या प्रसंगात सुनेने रडायचं होतं. ती मुलगी तीन दिवस डोळ्यांत औषध घालून रडत होती. या वेळी ती औषधाशिवाय रडली, आणि प्रसंग संपल्यावरही थांबेना. वहिनींनी उठून तिला जवळ घेतलं, "अगं लेकरा, खोटं हाये, खोटं हाये" म्हणत तिचं नाक पुसलं. दिग्दर्शकाने तेवढ्यात मुंबईला फोन लावला होता.

मालिका चालली. नुसती चालली नाही, सुटलीच. आणि इथून वहिनींच्या आयुष्याची फजिती सुरू झाली.

महिन्यातले निम्मे दिवस शूटिंग, निम्मे दुकान; पहिल्यांदा दुकानात फरक पडला. अंबडच्या बायका ब्लाउजच्या बाबतीत कडक. एक टीप इकडची तिकडे झाली तरी परत आणून आपटणार. मालिका सुरू झाल्यावर तक्रारी बंद. बाही सैल असो, गळा वाकडा असो, बाया मुकाट घेऊन जायच्या आणि जाताना "बरंय मंग, आईसाहेब" म्हणायच्या. वहिनींना कळेना आपण एवढं चांगलं कधीपासून शिवायला लागलो.

मग राजूरला एका साडीच्या दुकानाच्या उद्घाटनाला त्यांना बोलावलं. मी गाडी घेऊन गेलो होतो. फीत कापली, टाळ्या झाल्या, आणि गर्दीतून गिरिजाबाई नावाची एक म्हातारी पुढे आली. हातात छत्री. तिने आधी छत्रीने वहिनींच्या खांद्यावर एक ठेवून दिली आणि मग बोलायला सुरुवात केली.

"लाज न्हाई वाटत? परक्याची लेक! तीन दिस झाले कोठीत कोंडून ठुली. पाणी तरी देलं का तिला?"

दुकानदार धावला. वहिनींनी त्याला हाताने थांबवलं. म्हातारीचे डोळे खरंच भरून आले होते.

"चुकलं माझं, मावशी," वहिनी म्हणाल्या.

"कधी सोडतीस तिला?"

वहिनींनी मनात हिशेब केला. कुठला भाग कधी दाखवणार ते त्यांना माहीत होतं. "गुरुवारी सोडते."

"बराबर?"

"बिलकुल. गुरुवारी संध्याकाळी."

गिरिजाबाईने छत्री काखेत मारली. "सोड. न्हाई तर मी अंबडला येईन." गुरुवारी सून सुटली. शुक्रवारी दुकानदाराचा फोन आला की म्हातारी सगळ्या गावाला सांगत फिरून राह्यली, मी सोडवली म्हणून.

माहेरी तर वेगळंच झालं. वहिनी पिंपळगावला गेल्या तेव्हा प्रभावतीकाकूंकडून निरोप आला, चहाला ये. ऐंशीच्या घरातल्या काकू. ज्या घराच्या मागच्या दारी वहिनींची आई खुरपं टेकवून भाकरीची वाट पाहत असे, त्या घरात वहिनींना सोफ्यावर बसवलं. काकूंनी थेट विचारलं, "ते पदर धरायचं कुठं शिकलीस गं?"

"तुमच्याच बांधावर, काकू."

काकूंनी स्वतःचा पदर बघितला. "म्हंजे मी अशी व्हते?"

"न्हाई काकू. तुम्ही जास्ती व्हतात. तेवढं टीव्हीवर चालत न्हाई."

चहा घेऊन आलेल्या काकूंच्या सुनेने कप घाईने टेकवले. सून हसू दाबत आत पळाली. काकूंनी वहिनींकडे बघितलं, मग चहाचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "त्या बाईचे दागिने मात्र खोटे दिसतेत. माझ्या अंगावरचे खरे व्हते." त्या दिवसापासून काकू येईल त्या माणसाला सांगतात की टीव्हीवरची आईसाहेब म्हणजे आपणच. वहिनी परतताना गाडीच्या खिडकीतून शेतं बघत राहिल्या. अंबड आल्यावर म्हणाल्या, "आईला दाखवायला पाह्यजे व्हतं." बस, तेवढंच.

खरी फजिती घरात होती. मुलगा सूरज एकोणतीस वर्षांचा. जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीत लॅबमध्ये कामाला, निर्व्यसनी, दिसायला बापावर आणि बोलायला आईवर गेलेला. असा मुलगा लग्नाच्या बाजारात चार दिवस टिकायला नको. पण आईसाहेबांच्या घरात लेक कोण देणार?

पहिलं स्थळ परभणीकडचं. मुलीकडचे सात जण आले, वहिनींनी स्वतः चहा दिला. मुलीच्या आजीने कप घेतला, आत पाहिलं, वास घेतला आणि शेजारच्या जावयाला दिला. "तू पे आधी." जावई प्यायला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाच मिनिटं बघितलं. तो जगला, तरी स्थळ मोडलं.

दुसऱ्यांनी फोनवरच सांगितलं, पोरगा हिरा आहे, पण आमची मुलगी हळवी आहे. तिसऱ्या मुलीचे वडील वकील होते; ते म्हणाले, सासूने वेगळं राहायचं लेखी द्यावं. चौथ्या घरी सगळं जमत आलं आणि जाताना मुलीच्या मावशीने विचारलं, "तुमच्याकडं कोठी हाये का?"

होती. ज्वारीची. गेलं तेही स्थळ.

सातवं मोडल्यावर सूरज चिडला. "आई, सोड ती मालिका. माझं आयुष्य चाललंय."

वहिनी मशीनवर होत्या. पाय थांबवले नाहीत. "अकरा वर्षं झाडू मारला, सूरज. खुर्चीवर बसायला मला आता भेटलं. लगेच उठू?"

सूरज बापाकडे वळला. राजानंदने त्या दिवसाचे शब्द जपून ठेवले असावेत. तो म्हणाला, "तिला नको उठवू."

पण वहिनींच्या मनाला लागलं होतं. त्या मुंबईला मालिकेच्या लेखकाला भेटायला गेल्या. लेखक अठ्ठावीस वर्षांचा, दाढीवाला, स्वतःचं लग्न झालेलं नाही. वहिनींनी त्याला घरची लाडवांची पिशवी दिली आणि म्हणाल्या, "दादा, आईसाहेबाला जरा सुधरवा की. माझ्या पोराचं लग्न अडून राह्यलं." लेखक हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बेतात आला. मग गंभीर झाला. म्हणाला, "मावशी, आयडिया भारी आहे."

आणि खरंच, पुढच्या महिन्यात आईसाहेब बदलल्या! सुनेच्या डोक्याला तेल लावलं, तिला किल्ल्या दिल्या, तिच्यासाठी उपास धरला. अंबडमध्ये बाया रस्त्यात वहिनींना थांबवून "आता बरं वाटलं" म्हणायला लागल्या. लगोलग बदनापूरकडून स्थळ आलं. रविवारी बघायला येतो म्हणाले. वहिनींनी घर धुऊन काढलं.

शनिवारी साडेसात वाजता आईसाहेब आरशात बघून हसल्या आणि सुनेला जिन्यावरून ढकललं. सगळं नाटक होतं, तोच तर लेखकाचा डाव होता. पावणेआठला बदनापूरचा फोन आला की मुलीला ताप आहे. वहिनींनी दुसऱ्या दिवशी लेखकाला फोन करून विचारलं, "लाडू कसे लागले?" त्याहून कडक त्यांना काही बोलता येत नाही.

पायल आली ती श्रावणातल्या एका दुपारी. जालन्याच्या एका दवाखान्यात नर्स, अंबडला मावशीकडे आलेली. दुकानात चार बाया बसल्या होत्या. पायलने पिशवीतून ब्लाउज काढून मशीनवर टाकला. "काकू, बाही दंडात रुतून राह्यली. इंजेक्शन देताना हात वर होत न्हाई. उसवा आन परत शिवा."

चारी बायांनी माना वर केल्या. पत्र्याच्या अलीकडे मी हातातला होल्डर खाली ठेवला.

वहिनी म्हणाल्या, "माप बराबर हाये. तुझा दंड वाढला."

"महिन्यात दंड वाढतो का? मी नर्स हाये, मला सांगू नका. टेप आणा."

टेप आणला. मोजलं. पाऊण इंच चूक वहिनींची. त्या एकदम अशा हसायला लागल्या की मला वाटलं बाईला काही झालं. "तीन वर्षांत पहिली बाई आली गं! हे सगळे मला बरं बरं म्हणून उल्लू बनवून राह्यले!" त्यांनी इतर बायांकडे बघितलं. बायांनी आपापल्या बाह्या खाली ओढल्या.

"तू आईसाहेबाला भेत न्हाईस?"

"मी बघतच न्हाई. माझी त्या टायमाला ड्यूटी असती." मग पायलने जरा थांबून विचारलं, "तुम्हीच का त्या? आमच्या वॉर्डातल्या म्हाताऱ्या लई शिव्या देतेत तुम्हाला."

पायलला ब्लाउज परत नेऊन द्यायला वहिनींनी सूरजला पाठवलं. बाही बसली की नाही ते विचारायला पुन्हा पाठवलं. तिसऱ्यांदा तो स्वतःच गेला. पुढचं त्यांनी आपसांत जमवलं. मोठ्यांना फक्त तारीख कळवली.

लग्न अंबडला झालं. बौद्धाचार्य मंचावर वधूवरांना प्रतिज्ञा देत होते आणि खाली मुलीकडच्या नव्वद बायका वरमाईबरोबर फोटो काढायला रांगेत उभ्या होत्या. बौद्धाचार्यांनी दोनदा शांतता पाळायला सांगितलं. तिसऱ्यांदा ते स्वतःच रांगेत दिसले.

वर्षभराने चॅनेलवाल्यांनी मालिका बंद करायचं ठरवलं आणि आईसाहेबांना विहिरीत टाकून मोकळे झाले. त्या दिवशी पिंपळगावात पेढे वाटले म्हणतात. प्रभावतीकाकूंनी तीन दिवस टीव्ही लावला नाही. आणि राजानंदला फोनवर फोन, वाईट झालं हो, कशा गेल्या वगैरे. त्याचं उत्तर ठरलेलं. "कुठं बी गेली न्हाई. भाकऱ्या करून राह्यली."

मध्यंतरी एका मालिकेत वहिनींनी प्रेमळ आजी केली. सहा महिने नुसतं डोक्यावरून हात फिरवायचा. "लई कंटाळा येतो, भारतभाऊ," मला म्हणाल्या. "एक वाक्य तरी जहरी द्या म्हणावं." ते काम सुटलं त्याचं त्यांना काही वाटलं नाही.

गेल्या महिन्यात नवं काम आलं. मोबाइलवरच्या मालिकेत पोलीस ठाण्याच्या साहेब, म्हणजे महिला निरीक्षक. वहिनींचं वय छप्पन्न. केस कापावे लागतील असं मालिकावाल्यांनी सांगितलं. वहिनींचा शेपटा कमरेपर्यंत, पांढरा आणि काळा अर्धा अर्धा. त्या पायलबरोबर जालन्याला पार्लरमध्ये गेल्या आणि कानाखाली संपणारे केस घेऊन परत आल्या. चाललेल्या बसमधून उतरावं तशा गाडीवरून उतरल्या आणि थेट घरात गेल्या. मी मागोमाग गेलो, कारण असं काही सोडता येत नाही.

राजानंद आता रिटायर आहे. तो पाटावर बसून चहा पीत होता. त्याने बघितलं. चहा संपवला. कप विसळून पालथा घातला. वहिनी उभ्या, पायल उभी, मी दारात उभा. बायको केस कापून आली तर नवऱ्याने काय बोलावं, हे त्याच्या वीस शब्दांत कुठे बसत असेल असं मला वाटेना.

"सल्यूट कोणत्या हातानं मारतेत?" त्याने विचारलं.

"उजव्या."

"मार बरं."

वहिनींनी मारला. राजानंदने उठून त्यांचं कोपर दोन बोटांनी वर उचललं, खांदा मागे सारला आणि चार पावलं मागे जाऊन, इंजिन ऐकावं तशी मान तिरपी करून बघत राहिला.

"परत," तो म्हणाला.